जर्मन नामे आणि विशेषणे : विभक्तीची खूण कोणी वाहायची?

प्रस्तावना

जर्मन भाषेच्या वर्गात पहिल्याच दिवशी दोन अभिवादने शिकविली जातात. सकाळी 'गुटेन मॉर्गेन' आणि रात्री 'गुटे नाख्ट'. दोन्हींत 'चांगला' या अर्थाचे एकच विशेषण आहे, तरी एकदा ते 'गुटेन' होते आणि एकदा 'गुटे'. आजाऱ्याला 'लवकर बरे व्हा' म्हणताना 'गुटे बेसेरुंग' म्हणतात, तर नववर्षाच्या शुभेच्छा देताना 'गुटेस नॉयेस यार' म्हणतात. विद्यार्थी ही वाक्ये पाठ करतो आणि पुढे जातो. काही महिन्यांनी त्याच्यापुढे विशेषणांचे तक्ते येतात. चार विभक्ती, तीन लिंगे व अनेकवचन मिळून सोळा घरे होतात. असे तीन तक्ते, म्हणजे एकूण ४८ घरे. पहिल्या दिवशी तोंडी बसलेली अभिवादने याच ४८ घरांतील आहेत, हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

या प्रश्नाला आज व्यावहारिक महत्त्वही आले आहे. परदेशी कुशल कामगारांसाठी जर्मनीने केलेला नवा कायदा १ मार्च २०२० पासून लागू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. परिचारिकेच्या पात्रतेला तेथे मान्यता मिळविताना साधारणपणे बी-२ या पातळीची जर्मन लागते. त्यामुळे भाषेचा पिंड नसलेले, परंतु रोजगारासाठी जर्मन शिकू इच्छिणारे विद्यार्थी महाविद्यालयांत दिसू लागले आहेत. त्यांच्यापुढे ४८ घरांचा तक्ता टाकून 'पाठ करा' एवढेच सांगितले, तर अनेकांचे शिक्षण तेथेच अडते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे तीन तक्ते नसून एकच नियम आहे. शिवाय मराठी आणि उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याजवळ त्या नियमाची बरीचशी सामग्री आधीपासूनच असते. ती त्याला दाखवून देणे हे शिक्षकाचे काम होय.

(जर्मन शब्द येथे अक्षरानुसार देवनागरीत लिहिले आहेत. अखेरचा '-एर' प्रत्यक्ष बोलण्यात 'अ'सारखा ऐकू येतो. परंतु प्रत्यय डोळ्यांना दिसावा म्हणून तो 'एर' असाच ठेवला आहे.)

जर्मनच्या चार विभक्ती

जर्मनमध्ये प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी अशा चार विभक्ती आहेत. मराठीप्रमाणेच पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग ही तिन्ही लिंगे आहेत. उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे या बाबतीत मराठी येणारा विद्यार्थी एक पाऊल पुढे असतो. अनेकवचनात मात्र जर्मन लिंगभेद करीत नाही.

मोठा फरक विभक्तीच्या जागेचा आहे. मराठीत 'चांगल्या मुलाला' म्हणताना 'ला' हा प्रत्यय सर्वांत शेवटी, नामाला लागतो. विशेषण फक्त सामान्यरूप धारण करते. संस्कृतात विशेषण आणि नाम दोन्ही पूर्ण विभक्ती घेतात. जर्मनमध्ये विभक्तीची खूण नामाच्या आधी येणाऱ्या उपपदावर असते. उपपद म्हणजे नामाआधीचा छोटा दर्शक शब्द. 'तो अमुक' या निश्चित अर्थाचे उपपद पुढीलप्रमाणे चालते. क्रम प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी असा आहे.

पुल्लिंग : डेर – डेन – डेम – डेस
स्त्रीलिंग : डी – डी – डेर – डेर
नपुंसकलिंग : डास – डास – डेम – डेस
अनेकवचन : डी – डी – डेन – डेर

जर्मन विभक्तिव्यवस्थेचा हा पाया होय. या सोळा घरांत एकच रूप अनेक ठिकाणी येते, हे येथेच लक्षात घ्यावे. 'डेर' हे पुल्लिंगी प्रथमा आहे, तसेच स्त्रीलिंगी चतुर्थी, स्त्रीलिंगी षष्ठी आणि अनेकवचनी षष्ठीही आहे. म्हणून नामाचे लिंग ठाऊक नसेल तर उपपद पाहूनही विभक्ती कळत नाही. प्रत्येक नाम उपपदासह शिकवावे असा आग्रह यासाठीच धरला जातो. 'टे' म्हणजे चहा असे न शिकविता 'डेर टे' असे शिकवावे. त्याचप्रमाणे 'डी मिल्श' म्हणजे दूध आणि 'डास वासेर' म्हणजे पाणी. चहा आणि पाणी यांची लिंगे मराठीशी जुळतात. दूध मात्र मराठीत नपुंसकलिंगी आणि जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. लिंगाच्या बाबतीत मातृभाषेवर विसंबता येत नाही.

नाम स्वतः किती बदलते?

बरेच काम उपपद करीत असल्यामुळे जर्मन नाम फारसे बदलत नाही. त्याचे मुख्य बदल तीन आहेत.

पहिला बदल असा की, पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामाला एकवचनी षष्ठीत 'स' किंवा 'एस' लागतो. 'डेर मान' म्हणजे पुरुष; 'डेस मानेस' म्हणजे पुरुषाचा. 'डास वासेर' चे 'डेस वासेर्स' होते. स्त्रीलिंगी नाम एकवचनात कोणत्याही विभक्तीत बदलत नाही.

दुसरा बदल अनेकवचनी चतुर्थीत होतो. तेथे नामाला 'न' लागतो. 'डी टिशे' म्हणजे टेबले. चतुर्थीत 'डेन टिशेन'. अनेकवचनच 'न' किंवा 'स' ने संपत असेल तर ही भर पडत नाही. या 'न' चा उपयोग उघड आहे. 'डेन' हे उपपद पुल्लिंगी द्वितीयेतही येते. 'डेन टिश' म्हणजे टेबल (द्वितीया एकवचन) आणि 'डेन टिशेन' म्हणजे टेबलांना. उपपदाने जेथे संदिग्धता ठेवली तेथे नाम मदतीला आले आहे.

तिसरा बदल काही पुल्लिंगी नामांपुरता आहे. अशी नामे एकवचनी प्रथमा सोडून सर्वत्र 'न' किंवा 'एन' घेतात. 'डेर पात्सिएंट' म्हणजे रुग्ण. पुढे 'डेन पात्सिएंटेन', 'डेम पात्सिएंटेन', 'डेस पात्सिएंटेन'. 'श्टुडेंट' (विद्यार्थी), 'युंगे' (मुलगा) आणि 'हेर' (गृहस्थ) ही याच गटातील नामे होत. मराठी शिक्षकाला या गटाची ओळख सामान्यरूपाच्या आधारे करून देता येते. 'मुलगा' प्रथमेत, पण 'मुलाला', 'मुलाचा', 'मुलाने' यांत 'मुला-' हे एकच रूप येते. 'पात्सिएंटेन' हे त्याच धर्तीचे रूप आहे. याची मुळेही फार जुनी आहेत. संस्कृत 'नामन्' आणि जर्मन 'नामे' हे सगोत्र शब्द आहेत. जर्मनमध्ये द्वितीयेत 'डेन नामेन' म्हणताना तो 'न' पुन्हा दिसू लागतो.

या रूपांत चूक झाली तर अर्थच उलटू शकतो. 'डेर आर्त्स्ट फ्राग्ट डेन पात्सिएंटेन' म्हणजे डॉक्टर रुग्णाला विचारतात. 'डेन आर्त्स्ट फ्राग्ट डेर पात्सिएंट' म्हणजे रुग्ण डॉक्टरांना विचारतो. दोन्ही वाक्यांत डॉक्टर आधी आणि रुग्ण नंतर आहे. कोण कोणाला विचारतो हे शब्दक्रमावरून कळत नाही, ते 'डेर' आणि 'डेन' वरून कळते. इंग्रजी मनात ठेवून जर्मन वाचणारा येथे फसतो. मराठीत मात्र 'रुग्णाला डॉक्टर विचारतात' आणि 'डॉक्टर रुग्णाला विचारतात' ही दोन्ही वाक्ये एकाच अर्थाने सहज चालतात. विभक्ती असल्यावर शब्दक्रम मोकळा होतो हे मराठी विद्यार्थ्याला नव्याने शिकवावे लागत नाही.

विशेषणाचा नियम : खूण एकदा तरी दिसली पाहिजे

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. विशेषणाला जर्मनमध्ये एकूण पाचच प्रत्यय लागतात : ए, एन, एर, एस, एम. ४८ घरांत हेच पाच प्रत्यय फिरत असतात. त्यांचा नियम असा :

नामाआधीच्या शब्दांत लिंग, वचन व विभक्ती यांची स्पष्ट खूण एकदा तरी दिसली पाहिजे. ती उपपदाने दाखविली असेल तर विशेषण साधा प्रत्यय घेते. उपपदाने दाखविली नसेल, किंवा उपपदच नसेल, तर ती खूण विशेषणाला वाहावी लागते.

जर्मनीतील सर्वपरिचित संस्थांच्या नावांत हा नियम उघडपणे दिसतो. तेथील संसदेच्या सभागृहाचे नाव उपपदाविना लिहिले की ते 'डॉइचेर बुंडेस्टाग' असते. वाक्यात उपपद आले की 'डेर डॉइचे बुंडेस्टाग' होते. पहिल्या रूपात 'एर' ही पुल्लिंगी खूण विशेषणावर आहे. दुसऱ्या रूपात ती 'डेर' वर गेली आणि विशेषण 'डॉइचे' एवढेच राहिले. जर्मन रेडक्रॉसचे नाव फलकावर 'डॉइचेस रोटेस क्रॉइट्स' असे असते. वाक्यात ते 'डास डॉइचे रोटे क्रॉइट्स' होते. येथे विशेषणे दोन आहेत आणि दोन्ही एकसारखी बदलली आहेत. एकापुढे एक येणाऱ्या विशेषणांमध्ये जर्मन लहान-मोठे मानत नाही; खूण वाहायची असेल तर ती सर्वांनी वाहायची. 'डॉइचे बान' या रेल्वे कंपनीच्या नावात प्रथमेत उपपद आले तरी बदल दिसत नाही, कारण स्त्रीलिंगी खूणही 'ए' आणि साधा प्रत्ययही 'ए'. पण चतुर्थी लागली की 'बाय डेर डॉइचेन बान' असे होते.

बर्लिनमधील संसदभवनाच्या दर्शनी भागावर १९१६ साली पुढील अक्षरे बसविण्यात आली : 'डेम डॉइचेन फोल्के', म्हणजे जर्मन जनतेस. चतुर्थीची खूण 'डेम' ने घेतली आहे, म्हणून विशेषण 'डॉइचेन' असे आहे. 'फोल्क' या नामाला लागलेला 'ए' हा चतुर्थीचा जुना प्रत्यय आहे. तो आज 'त्सू हाउझे' (घरी) यांसारख्या ठरावीक प्रयोगांतच उरला आहे. २००० साली हान्स हाके या कलावंताची एक कलाकृती त्याच इमारतीच्या आतील चौकात मांडण्यात आली. तिची अक्षरे आहेत 'डेर बेफ्योल्केरुंग', म्हणजे येथे राहणाऱ्या सर्व लोकांस. हीसुद्धा चतुर्थीच आहे. नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे 'डेम' ऐवजी 'डेर' आले. विभक्ती शिकविण्यासाठी यापेक्षा बोलकी दोन उदाहरणे क्वचितच मिळतील.

साधा प्रत्यय : मराठी आणि उर्दू यांची मदत

उपपदाने खूण घेतल्यावर विशेषणाला मिळणारा साधा प्रत्यय दोनच प्रकारचा असतो : 'ए' किंवा 'एन'. सोळा घरांपैकी पाच घरांत 'ए' येतो : तिन्ही लिंगांची एकवचनी प्रथमा, आणि स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी एकवचनी द्वितीया. उरलेल्या अकरा घरांत 'एन' असतो.

ही वाटणी मराठी-उर्दूच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. मराठी स्त्रीलिंगी रूपे घ्यावीत : चांगली बाई, चांगल्या बाईला, चांगल्या बायका. 'चांगल्या' हे एकच रूप एकवचनाच्या सामान्यरूपातही येते आणि अनेकवचनाच्या प्रथमेतही. जर्मनमध्ये नेमके असेच घडते : डी गुटे फ्राउ, डेर गुटेन फ्राउ, डी गुटेन फ्राउएन. पुल्लिंगासाठी उर्दू अधिक जवळची आहे : अच्छा लडका, अच्छे लडके को, अच्छे लडके. जर्मन रूपे पाहावीत : डेर गुटे मान, डेम गुटेन मान, डी गुटेन मेनेर. मराठीतील 'चांगल्या' आणि उर्दूतील 'अच्छे' जे काम करतात, तेच जर्मनमध्ये 'गुटेन' करते. फळ्यावर या तीन ओळी शेजारी-शेजारी लिहिल्या तर अकरा घरांचे पाठांतर पुष्कळच हलके होते.

साम्य जेथे संपते ती जागाही दाखविली पाहिजे. मराठीत 'ताजा चहा पितो' म्हणताना वस्तुवाचक कर्माला प्रत्यय लागत नाही आणि विशेषणही बदलत नाही. जर्मनमध्ये स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी कर्माच्या बाबतीत हेच खरे आहे. पुल्लिंगी कर्म मात्र बदलते : 'डेर हाइसे टे' म्हणजे गरम चहा, पण 'गरम चहा पितो' म्हणताना 'डेन हाइसेन टे'. द्वितीयेत वेगळे रूप फक्त पुल्लिंगी एकवचनात आहे. मराठीभाषक विद्यार्थ्याची चूक बहुधा याच एका घरात होते, म्हणून सरावाचा भर तेथे असावा.

'आइन' च्या तीन रिकाम्या जागा

'एक, कोणी एक' या अनिश्चित अर्थाचे उपपद 'आइन' होय. नकारार्थी 'काइन' आणि 'माइन' (माझा), 'झाइन' (त्याचा) इत्यादी शब्द त्याच्याप्रमाणेच चालतात. पाठ्यपुस्तके यांच्यासाठी स्वतंत्र, 'मिश्र' म्हणून ओळखला जाणारा तक्ता देतात. प्रत्यक्षात हा तक्ता आधीच्या तक्त्याहून तीनच घरांत वेगळा आहे : पुल्लिंगी प्रथमा, नपुंसकलिंगी प्रथमा आणि नपुंसकलिंगी द्वितीया.

ही तीनच घरे का, याचे उत्तर वरील नियमात आहे. या तीन ठिकाणी 'आइन' ला कोणताही प्रत्यय नसतो. ते नुसते 'आइन' राहते आणि लिंग सांगत नाही. मग ती खूण विशेषण घेते : 'आइन हाइसेर टे', 'काइन काल्टेस वासेर' (थंड पाणी नाही). इतर सर्व घरांत 'आइनेन', 'आइनेम', 'आइनेर' अशी स्पष्ट रूपे असल्यामुळे विशेषण पुन्हा साधे होते : 'मिट आइनेम हाइसेन टे'.

उपपदच नसेल तर

चहा, दूध, पाणी यांसारख्या द्रव्यवाचक नामांपूर्वी अनेकदा उपपद नसते. अशा वेळी उपपदाची खूण विशेषणाकडे सरकते. 'मिट डेम काल्टेन वासेर' म्हणजे त्या थंड पाण्याने. 'डेम' काढून घेतले की 'मिट काल्टेम वासेर' होते. 'डेम' मधील 'एम' विशेषणाला चिकटला. 'मिट डेर फ्रिशेन मिल्श' म्हणजे त्या ताज्या दुधासह. उपपदाविना 'मिट फ्रिशेर मिल्श'. येथे 'डेर' मधील 'एर' सरकला.

'हाइसेर टे' ची चारही विभक्तींतील रूपे तीन प्रकारांत अशी होतात :

प्रथमा : डेर हाइसे टे – आइन हाइसेर टे – हाइसेर टे
द्वितीया : डेन हाइसेन टे – आइनेन हाइसेन टे – हाइसेन टे
चतुर्थी : डेम हाइसेन टे – आइनेम हाइसेन टे – हाइसेम टे
षष्ठी : डेस हाइसेन टेस – आइनेस हाइसेन टेस – हाइसेन टेस

शेवटच्या ओळीत एक अपवाद दिसतो. नियमानुसार उपपदाविना षष्ठीत 'हाइसेस टेस' व्हायला हवे होते. पण तेथे 'हाइसेन' आहे. कारण नामानेच 'स' घेऊन षष्ठी दाखविली आहे, मग विशेषणावर ती पुन्हा कशाला? जुन्या जर्मनमध्ये येथे 'एस' असे. पुढे तो मागे पडला. 'ट्रोट्स श्लेश्टेन वेटेर्स', म्हणजे खराब हवा असूनही, हे याचे नेहमीचे उदाहरण. नियमाला वरवर विरोध करणारे हे घर खरे तर नियमाला पुष्टीच देते.

आता पहिल्या दिवसाच्या अभिवादनांकडे पाहता येईल. 'गुटेन मॉर्गेन' मध्ये 'अशी शुभेच्छा देतो' हे शब्द अध्याहृत आहेत, म्हणून ती द्वितीया आहे. सकाळ पुल्लिंगी, म्हणून 'एन'. रात्र स्त्रीलिंगी, म्हणून 'गुटे नाख्ट'. वर्ष नपुंसकलिंगी, म्हणून 'गुटेस नॉयेस यार'. पत्राच्या प्रारंभी गृहस्थांना 'झेर गेएर्टेर हेर' आणि बाईंना 'झेर गेएर्टे फ्राउ' लिहितात, ती प्रथमा होय. पत्राच्या शेवटी 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन', म्हणजे स्नेहपूर्ण अभिवादनांसह, असे लिहितात; ती अनेकवचनी चतुर्थी. पाच-सहा शिष्टाचाराच्या प्रयोगांत उपपदविरहित तक्त्याचा बराचसा भाग विद्यार्थ्याच्या तोंडी आधीच बसलेला असतो.

'ला' आणि 'को' यांचा सापळा

मराठी-उर्दू भाषकांची खरी अडचण द्वितीया आणि चतुर्थी वेगळ्या ओळखण्यात आहे. मराठीत 'ला' आणि उर्दूत 'को' हे प्रत्यय दोन्हींसाठी चालतात. 'मुलाला पाहिले' आणि 'मुलाला पुस्तक दिले' यांत रूप एकच आहे. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी 'डेन युंगेन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'डेम युंगेन' येते. ढोबळ कसोटी अशी की, वाक्यात दिली, सांगितली किंवा दाखविली जाणारी वस्तू वेगळी असेल, तर 'ला' लागलेली व्यक्ती चतुर्थीत जाते. 'मदत करणे' या अर्थाचे 'हेल्फेन' हे क्रियापद चतुर्थी घेते. त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मराठीत 'माणसाला मदत करतो' म्हणताना 'मदत' हीच वस्तू असते.

एका बाबतीत तर मराठी येथे मोठी मदत करते. 'मला चहा आवडतो' या वाक्यात क्रियापद चहाप्रमाणे चालते आणि आवडणारी व्यक्ती चतुर्थीत असते. जर्मनमधील 'डेर टे श्मेक्ट मिर' या वाक्याची रचना अशीच आहे. इंग्रजीतून जर्मन शिकविताना या रचनेवर बरेच श्रम खर्च होतात; मराठीतून ती एका वाक्यात समजते.

काही शब्दयोगी शब्द स्वतःच विभक्ती ठरवितात. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू यांच्यानंतर चतुर्थीच येते. डुर्श, फ्यूर, गेगेन, ओने, उम यांच्यानंतर द्वितीया येते. काहींच्या बाबतीत अर्थावर भर असतो. 'शाळेत जातो' आणि 'शाळेत आहे' या दोन्हींत मराठी 'त' वापरते. जर्मन जाण्यासाठी द्वितीया ('इन डी शूले') आणि असण्यासाठी चतुर्थी ('इन डेर शूले') वापरते. षष्ठीचा वापर बोलण्यात कमी होत आहे. 'फोन' आणि चतुर्थी यांनी तिची जागा घेतली आहे. या विषयावर बास्टियान झिक यांचे २००४ मधील विनोदी पुस्तक जर्मनीत फार खपले. लेखनात आणि औपचारिक भाषेत मात्र षष्ठी आजही टिकून आहे.

ज्या जागी विशेषण बदलत नाही

विधेय म्हणून आलेले विशेषण जर्मनमध्ये अविकारी असते. मराठीत 'चहा ताजा आहे, भाजी ताजी आहे, दूध ताजे आहे' असा बदल होतो. जर्मनमध्ये चहा, दूध, पाणी सर्वांसाठी 'इस्ट हाइस' (गरम आहे) एवढेच. मातृभाषेच्या सवयीने विद्यार्थी येथे नको असलेला प्रत्यय जोडतो, म्हणून हा भेद आरंभीच सांगावा. 'रोझा' आणि 'लीला' ही रंगवाचक विशेषणे नामाआधीही बदलत नाहीत. मराठीतील 'लाल' आणि उर्दूतील 'सफेद' यांच्याप्रमाणेच.

संख्यावाचकांनंतर उपपदाची खूण नसते, म्हणून 'त्स्वाय नॉये टिशे' (दोन नवी टेबले). 'फीले' (पुष्कळ) हे स्वतः विशेषणाप्रमाणे चालते, म्हणून 'फीले नॉये टिशे'. 'आले' (सर्व) हे उपपदाप्रमाणे चालते, म्हणून 'आले नॉयेन टिशे'.

अरबी जाणणाऱ्या शिक्षकांना आणखी एक तुलना उपयोगी पडेल. अरबीत नाम निश्चित असेल तर विशेषणही निश्चित होते : 'अल्-बैतु अल्-कबीरु'. विशेषणाचे रूप निश्चितीशी निगडित असणे ही कल्पना दोन्ही भाषांत आहे. फरक असा की, अरबी खूण पुन्हा उच्चारते, जर्मन ती शक्यतो एकाच जागी ठेवते.

इतिहासाचा दाखला

उपरोक्त दोन प्रकारांना 'सबळ' आणि 'दुर्बळ' ही नावे याकोब ग्रिम यांच्या जर्मन व्याकरणामुळे रूढ झाली; त्या ग्रंथाचा पहिला भाग १८१९ साली प्रसिद्ध झाला. सबळ म्हणजे स्वतः खूण वाहणारे, दुर्बळ म्हणजे दुसऱ्याच्या खुणेवर विसंबणारे, असा अर्थ वर्गात सांगता येतो. विशेषणाची ही दुहेरी चाल जर्मेनिक भाषांचे वैशिष्ट्य आहे. आइसलँडिक भाषेने ती टिकविली. जुन्या इंग्रजीत ती होती, आजच्या इंग्रजीत तिचा मागमूस नाही. त्यामुळेच इंग्रजी भाषकाला जर्मन विशेषणे लहरी वाटतात. मार्क ट्वेन यांनी १८८० मध्ये आपल्या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात त्यांची यथेच्छ थट्टा केली. सामान्यरूप बोलत वाढलेल्या मराठी भाषकाला ती थट्टा आपली मानण्याचे कारण नाही.

अध्यापनाचा क्रम

वरील विवेचनावरून शिकविण्याचा पुढील क्रम सुचतो.

१) प्रत्येक नाम उपपदासह शिकवावे.
२) उपपदाची सोळा घरे पक्की करावीत. पाठांतर करायचे ते एवढेच.
३) 'चांगल्या' आणि 'अच्छे' यांच्या आधारे 'ए' व 'एन' यांची वाटणी समजावून द्यावी आणि पुल्लिंगी द्वितीयेवर विशेष सराव घ्यावा.
४) 'आइन' च्या तीन रिकाम्या जागा दाखवाव्यात.
५) उपपद काढून घेऊन त्याची खूण विशेषणावर सरकविण्याचा सराव करावा. अभिवादने, पत्राचे मायने आणि संस्थांची नावे यांसाठी उपयुक्त आहेत.
६) चूक तपासताना 'येथे कोणता प्रत्यय?' असे न विचारता 'येथे खूण कोणी दाखविली?' असे विचारावे.

समारोप

४८ घरांचा तक्ता चुकीचा नाही, पण तो विद्यार्थ्याला नियम सांगत नाही. नियम ठाऊक असला तर सोळा घरांचे उपपद आणि दोन साधे प्रत्यय यांतून उरलेले सर्व काढता येते. परदेशी भाषेचे व्याकरण इंग्रजीच्या मार्फतच समजते हा समज आपल्या महाविद्यालयांत खोलवर रुजला आहे. जर्मन विशेषणांच्या बाबतीत तो उलटा पडतो, कारण तीन लिंगे, सामान्यरूप, मोकळा शब्दक्रम आणि 'मला आवडते' ही रचना यांपैकी काहीही इंग्रजीजवळ उरलेले नाही. ते मराठीत आणि काही अंशी उर्दूत आहे. गावातील मराठी किंवा उर्दू शाळेतून आलेली, इंग्रजीत मागे पडलेली विद्यार्थिनी जर्मनच्या वर्गात या एका बाबतीत मागे नसते. ही गोष्ट तिच्या शिक्षकांना ठाऊक असली पाहिजे आणि त्यांनी ती तिला पहिल्या आठवड्यातच सांगितली पाहिजे.